मुक्या जनावरांचे गाडगेबाबा

संत गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या गावी परीट कुटुंबात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव झिंगराजी व आईचे नाव सखूबाई होते. आडनाव जानोरकर. बाबांना लहानपणी डेबू म्हणत. वडील दारूच्या व्यसनाने लवकर वारले. मग सखूबाई डेबूला घेऊन माहेरी दापुऱ्याला गेली. मामाच्या घरी डेबूकडे गुरांचे काम आले. तो पहाटे उठून गोठा झाडायचा, गुरं रानात न्यायचा, नदीवर धुवायचा. शाळेत मात्र त्याला जायला मिळाले नाही.

पुढे डेबूजींचे लग्न झाले. मुलगी झाली. तिच्या बारशाला बकरं कापायची व दारू पाजायची रीत होती. डेबूजींनी ती रीत मोडली आणि सगळ्यांना गोड जेवण दिले. लोक नाराज झाले पण ते डगमगले नाहीत.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे कपडे, हातात खराटा आणि एक फुटकं गाडगं. त्यातच ते भाकरी खात, पाणी पीत. म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. आमच्या गावाच्या नावातच कुंभार आहे, म्हणून मला हे नाव लई आवडते.

बाबा ज्या गावात जात ते गाव आधी झाडून काढत. रात्री कीर्तन करत. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारत. नवसाला कोंबडं-बकरं कापू नका, कर्ज काढून सण करू नका, मुलांना शाळेत घाला असे सांगत. १९३१ साली वरवंडे येथे त्यांचे ऐकून लोकांनी पशुहत्या बंद केली.

लोक बाबांना पैसे देत. त्यातला एक पैसाही त्यांनी स्वतःला ठेवला नाही. त्या पैशातून धर्मशाळा बांधल्या. मूर्तिजापूरला १९२५ साली गोरक्षणाचे काम केले. तिथे धर्मशाळा व विद्यालय पण बांधले. गोरक्षण म्हणजे म्हाताऱ्या, लंगड्या, सोडून दिलेल्या गुरांना सांभाळायची जागा. तिथे रोज कडबा लागतो, पाणी लागते, सावली लागते, शेण काढायला माणूस लागतो. एकट्याने हे होत नाही, म्हणून बाबा सगळ्या गावाला कामाला लावत. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी द्यावे तसेच मुक्या जनावरांना अभय द्यावे, ही त्यांची शिकवण होती.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे बाबांचे निधन झाले. त्यांची समाधी अमरावतीला आहे.

आमच्या घरी सर्जा नावाचा बैल आहे. तो म्हातारा झालाय. त्याला नीट दिसत नाही, औताला चालत नाही. कडबा महाग झाला म्हणून दादा त्याला बाजारात न्यायचं म्हणत होते. मी रडले. आजी म्हणाली, यानंच आपल्याला इतकी वर्षं खाऊ घातलं. मी बाईंना सांगितले. बाईंनी वर्गात गाडगेबाबांची गोष्ट सांगितली. आता ऊसतोड चालू आहे, तर आम्ही पाच जणी शाळा सुटल्यावर फडातून सर्जासाठी वाढं आणतो. दादा म्हणाले, पोळ्यापर्यंत बघू. पण मधे उन्हाळा आहे. तेव्हा वाढं मिळत नाही.

मित्रांनो, तुम्ही पण एवढे करा. शाळेच्या हापशाजवळ ढोरांसाठी डोबणी ठेवली आहे, ती रोज भरा. आठवड्यातून एकदा घासा. शिळी भाकर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकू नका. गाय पिशवीसकट खाते आणि मरते. लंगडं कुत्रं दिसलं तर दगड मारू नका. जनावर आजारी असेल तर मोठ्या माणसांना सांगा, दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलवा. आणि कुणाच्या घरी जास्तीचा कडबा असेल तर सर्जासाठी एक पेंढी द्या.

इयत्ता चौथी,
जि. प. प्राथमिक शाळा, कुंभार पिंपळगाव