नोटेवरची सही

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत बँकेच्या नोकरीची माझी बरीच वर्षे गेली. या भागात जुने घर उतरवताना किंवा भावाभावांच्या वाटण्या होताना माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते आणि तिच्या तळाशी कधीकधी इंग्लंडच्या राजाच्या चित्राची नोट सापडते. ती घेऊन लोक माझ्याकडे येत, निवृत्तीनंतरही येतात. नोट खरी आहे का आणि तिचे किती येतील, एवढेच त्यांना विचारायचे असते. मी त्यांना आधी सही वाचायला सांगतो. अनेकदा ती सी. डी. देशमुख यांची निघते. नोटेवर राजा परदेशी, पण सही आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाची, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

चिंतामणराव देशमुखांचा जन्म १८९६ सालचा, महाडजवळच्या नाते गावातला. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. १९१२ साली ते मॅट्रिकला पहिले आले आणि जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र हे विषय घेतले. १९१८ साली ते आयसीएसच्या परीक्षेतही पहिले आले. मध्य प्रांतात नोकरी करून ते १९३९ मध्ये रिझर्व्ह बँकेत आले. गव्हर्नर सर जेम्स टेलर १९४३ मध्ये वारले आणि त्याच वर्षी ऑगस्टात चिंतामणराव त्या खुर्चीवर बसले. त्या पदावरचे ते पहिले भारतीय.

त्यांच्या सहीची नोट ओळखायची ती अशी. सहावा जॉर्ज एका बाजूने दिसतो की समोरून, हे पाहावे. युद्धात जपान्यांनी दहाच्या बनावट नोटा काढल्या, म्हणून जलचिन्हात राजाचा समोरून दिसणारा चेहरा आला आणि कागदात सुरक्षा धागाही आला. नोट उजेडासमोर धरली की दोन्ही दिसतात. एक रुपयाच्या नोटेवर मात्र चिंतामणरावांची सही शोधू नये. ती सरकारची नोट असते आणि तिच्यावर वित्त सचिवाची सही असते.

या नोटा मुबलक मिळतात, त्यालाही कारण आहे. ब्रिटन युद्धासाठी इथे खर्च करी, त्याचे पौंड लंडनमध्ये जमा होत आणि त्यांच्या आधारावर इथे नोटा छापल्या जात. युद्धकाळात चलनातल्या नोटा सुमारे सहापट झाल्या. महागाईचा चटका सामान्य माणसाला बसला. १९४४ मध्ये ब्रेटनवुड्सच्या परिषदेला गेलेल्या भारतीय शिष्टमंडळात चिंतामणराव होते आणि लंडनमध्ये अडकलेल्या या रकमेचा प्रश्न भारताने तिथे मांडला.

जानेवारी १९४६ मध्ये पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. सुमारे १४४ कोटींच्या नोटांपैकी जवळजवळ १३५ कोटींच्या बदलून गेल्या. काळ्या बाजाराला या उपायाने फारसा धाक बसला नाही, हे चिंतामणरावांनी पुढे आडपडदा न ठेवता सांगितले. अमेरिकेत १८६१ पासूनची सरकारी नोट आजही दर्शनी किमतीला चालते. आपल्याकडे तसे नाही. राजाच्या नोटेची आज दुकानात काही किंमत नाही. तिची किंमत फक्त संग्राहकाच्या लेखी.

फाळणीनंतर तर नवलच घडले. ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती. त्यामुळे चिंतामणरावांच्या सहीच्या काही नोटांवर पाकिस्तान सरकारचे नाव इंग्रजीत आणि उर्दूत छापून त्या तिकडे चालल्या. अशी नोट हाती आली तर ती जाणकाराला दाखवल्याशिवाय देऊ नये.

बाकी भाव ठरतो तो नोटेच्या अवस्थेवर. घड्या, टाचणीची भोके, आपल्या भागातल्या पावसाळ्याची बुरशी, यांनी तो उतरतो. नोट धुऊ नये, इस्त्री करू नये, चिकटपट्टी लावू नये. फोनवर लाखांचा भाव सांगून आधी शुल्क मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नये. असले लोक रिझर्व्ह बँकेचे नाव वापरतात, असा इशारा खुद्द त्या बँकेने २०२१ मध्ये दिला आहे.

नोट म्हणजे वचन आणि सही म्हणजे त्या वचनाची जबाबदारी. चिंतामणराव १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री झाले, १९५२ मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर गेले. स्टेट बँक त्यांच्याच कारकिर्दीत, १९५५ मध्ये स्थापन झाली. पण मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाला नीट न विचारता झाला, गोळीबारात माणसे मेली आणि चौकशी झाली नाही, ही त्यांची तक्रार होती. जुलै १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. मुंबईसह महाराष्ट्र १९६० मध्ये झाला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी ते हैदराबादला वारले.

त्यांच्या सहीची घड्या पडलेली दहाची नोट विकून आज कुणी श्रीमंत होणार नाही. पण जो निर्णय पटला नाही त्याखाली आपले नाव राहू द्यायचे नाही म्हणून या माणसाने देशाची तिजोरी सोडली. घरात अशी नोट असेल तर तिचा भाव जरूर विचारावा. विकण्याआधी ही हकिकत मात्र नातवंडांना सांगावी.