व्हायोला स्पोलिन

व्हायोला स्पोलिन (७ नोव्हेंबर १९०६ – २२ नोव्हेंबर १९९४) या अमेरिकन नाट्यशिक्षिका, दिग्दर्शिका व लेखिका होत्या. मुलांच्या खेळांतून अभिनय शिकवण्याची ‘थिएटर गेम्स’ अर्थात नाट्यखेळांची पद्धती त्यांनी विकसित केली. शिकागोतील स्थलांतरितांच्या वस्त्यांमध्ये मुलांसाठी व हौशी मंडळींसाठी आकारास आलेली ही पद्धती पुढे अमेरिकेतील उत्स्फूर्त रंगभूमीचा पाया ठरली. त्यांचा ‘इम्प्रोव्हायझेशन फॉर द थिएटर’ (१९६३) हा ग्रंथ नाट्यशिक्षणातील मूलभूत ग्रंथांपैकी एक मानला जातो.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

स्पोलिन यांचा जन्म शिकागो येथे एका ज्यू स्थलांतरित कुटुंबात झाला. १९२४ ते १९२७ या काळात त्यांनी समाजशास्त्रज्ञ नीवा बॉइड यांच्या मार्गदर्शनाखाली शिक्षण घेतले. हे शिक्षण ‘हल हाउस’ या संस्थेत झाले. जेन ॲडम्स व एलेन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत सुशिक्षित कार्यकर्ते गरीब वस्तीतच राहून तेथील लोकांसाठी काम करीत असत.

खेळ, लोकनृत्य, गोष्टी व नाटक यांतून समूहाला एकत्र आणता येते, अशी बॉइड यांची धारणा होती. खेळाला नियम असतात आणि ते सर्वांनी आपखुशीने मानलेले असतात. त्यामुळे मूल तेथे शिस्त शिकते, पण दडपणाखाली नव्हे. हा विचार स्पोलिन यांच्या पुढील सर्व कार्याच्या मुळाशी आहे.

शिकागोतील कार्य

महामंदीच्या काळात बेरोजगारांना काम देण्यासाठी अमेरिकी शासनाने १९३५ मध्ये ‘वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन’ ही योजना सुरू केली. तिच्या शिकागो येथील मनोरंजन प्रकल्पात स्पोलिन यांनी १९३९ ते १९४१ या काळात नाट्यविभागाच्या पर्यवेक्षिका म्हणून काम केले. त्यांच्याकडे येणारी मुले व प्रौढ निरनिराळ्या देशांतून आलेल्या कुटुंबांतील होते. त्यांची भाषा एक नव्हती, रीतिभातीही एक नव्हत्या. अभिनयाची परिभाषा वापरून त्यांना शिकवणे व्यर्थ होते. सूचना समजावून सांगण्याऐवजी, ती सूचना ज्याच्या नियमांतच दडलेली आहे असा खेळ द्यावा, असा मार्ग त्यांनी काढला. मुले खेळ खेळत आणि जे शिकवायचे ते खेळता खेळता साधत असे. पुढील काळात त्यांनी रचलेल्या शेकडो खेळांचा उगम या गरजेत आहे.

यंग ॲक्टर्स कंपनी

१९४६ मध्ये स्पोलिन यांनी हॉलिवूड येथे ‘यंग ॲक्टर्स कंपनी’ स्थापन केली. सहा वर्षे व त्यापुढील वयाच्या मुलांना येथे नाट्यखेळांच्या आधारे शिकवले जाई आणि त्यांची नाटके रंगमंचावर येत. चित्रपटसृष्टीच्या त्या नगरीत चुणचुणीत मुलाला पाठांतर करवून मोठ्यांची नक्कल करायला लावणे सहज शक्य होते. स्पोलिन यांचा या प्रकाराला विरोध होता. मुलाने रंगमंचावर गोंडस दिसावे यासाठी त्याला घडवू नये. प्रौढ नटाइतक्याच गांभीर्याने त्याला नाट्यसमस्या सोडवू द्यावी, असे त्यांचे मत होते. ही संस्था १९५५ पर्यंत चालली.

पद्धतीचे स्वरूप

स्पोलिन यांच्या प्रत्येक खेळात खेळाडूंपुढे एक निश्चित समस्या ठेवलेली असते. ‘आरसा’ या खेळात दोघे समोरासमोर उभे राहतात. एकाच्या हालचाली दुसरा त्याच क्षणी प्रतिबिंबाप्रमाणे करतो. दुसऱ्या एका खेळात दोन गट नसलेल्या दोराने रस्सीखेच खेळतात. दोर दिसत नाही, परंतु दोन्ही बाजूंनी तो मानला की प्रेक्षकांनाही त्याचा ताण जाणवतो. ‘जिबरिश’ या खेळात अर्थहीन ध्वनी उच्चारून आशय पोहोचवावा लागतो. स्थळ, व्यक्ती आणि कृती, म्हणजे कुठे, कोण व काय, या तीन प्रश्नांवर प्रसंगाची उभारणी होते.

त्यांच्या ग्रंथातील आरंभीचा एक पाठ विशेष उद्बोधक आहे. अर्ध्या वर्गाने नुसते उभे राहायचे व उरलेल्यांनी त्यांच्याकडे पाहायचे. थोड्याच वेळात उभे असलेले अवघडतात, कोणी हसते, कोणी हातांची चाळवाचाळव करते. मग त्यांना खोलीतील वस्तू मोजण्यासारखे साधे काम दिले जाते आणि अवघडलेपण ओसरते. लक्ष गुंतवायला निश्चित काही असले की सभाभीती मागे पडते, हे सूत्र विद्यार्थी स्वतः अनुभवतो.

खेळ चालू असताना शिक्षक बाजूने छोट्या सूचना देतो. यास ‘साइड-कोचिंग’ म्हणतात. खेळ थांबत नाही. खेळाडू सूचना ऐकून खेळतच राहतो. शेवटी समस्या सुटली की नाही, एवढ्याच मुद्द्यावर खेळाडू व प्रेक्षक मिळून चर्चा करतात. कोण चांगला व कोण वाईट, हा प्रश्न तेथे येत नाही.

शाबासकी व नापसंती यांवर अवलंबून राहण्याची सवय उत्स्फूर्ततेला मारक ठरते, हा स्पोलिन यांच्या विचाराचा गाभा होय. शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहून वागणारे मूल स्वतःच्या अनुभवापासून तुटते. म्हणून शिक्षकाने न्यायाधीशाचे आसन सोडून सहखेळाडू व्हावे, अशी त्यांची अपेक्षा होती. हा भाग खेळांपेक्षा कितीतरी अवघड आहे, कारण त्यात विद्यार्थ्यापेक्षा शिक्षकालाच अधिक बदलावे लागते.

उत्स्फूर्त रंगभूमीवरील प्रभाव

१९५५ मध्ये स्पोलिन शिकागोला परतल्या. त्यांचे पुत्र पॉल सिल्स (१९२७–२००८) यांनी डेव्हिड शेफर्ड यांच्यासह त्याच वर्षी ‘कंपास प्लेअर्स’ ही नाट्यमंडळी सुरू केली. तेथील नटांसाठी स्पोलिन यांनी कार्यशाळा घेतल्या. डिसेंबर १९५९ मध्ये सिल्स, बर्नी सालिन्स व हॉवर्ड आल्क यांनी ‘द सेकंड सिटी’ हे नाट्यगृह सुरू केले. तेथील कलावंतांनाही स्पोलिन यांनी प्रशिक्षण दिले. या रंगमंचावरून पुढे अमेरिकी विनोदी रंगभूमी, दूरचित्रवाणी व चित्रपट यांतील अनेक नामवंत कलावंत उदयास आले.

मात्र नाट्यखेळ म्हणजे हशा मिळवण्याची युक्ती, असा समज यातून रूढ होत गेला. स्पोलिन यांना हे अभिप्रेत नव्हते. समस्येला भिडण्याऐवजी विनोद करणे किंवा मनात आधीच कथानक रचणे म्हणजे खेळापासून पळ काढणे, असे त्यांनी आपल्या लेखनात स्पष्ट केले आहे.

लेखन व उत्तरायुष्य

‘इम्प्रोव्हायझेशन फॉर द थिएटर’ हा ग्रंथ नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने प्रसिद्ध केला. त्यात दोनशेहून अधिक खेळ व अभ्यास असून मुलांच्या रंगभूमीसाठी स्वतंत्र विभाग आहे. शिक्षकांना वापरणे सोपे जावे म्हणून त्यांनी १९७५ मध्ये ‘थिएटर गेम फाइल’ हा खेळांच्या कार्डांचा संच सिद्ध केला. १९७६ मध्ये त्यांनी हॉलिवूड येथे ‘स्पोलिन थिएटर गेम सेंटर’ स्थापन केले. ‘थिएटर गेम्स फॉर रिहर्सल’ (१९८५) हे पुस्तक दिग्दर्शकांसाठी, तर ‘थिएटर गेम्स फॉर द क्लासरूम’ (१९८६) हे शालेय शिक्षकांसाठी लिहिलेले आहे.

२२ नोव्हेंबर १९९४ रोजी लॉस एंजेलस येथे वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे खेळ आज नाट्यशाळांबरोबरच शालेय वर्गांतही खेळले जातात.