कुलूपबंद पेटीतले ग्रंथालय

सयाजीराव महाराजांचे नाव निघाले की आपल्या मंडळात राजवाडा आणि कमाटीबागेच्या गोष्टी सुरू होतात. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची आठवण त्या मानाने कमीच निघते.

महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे, गोपाळराव. जन्म ११ मार्च १८६३ चा. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले, तेव्हा बारा वर्षांच्या या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हते. १८८१ मध्ये कारभार हाती आला आणि १९०६ मध्ये त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळा सुटल्यावर गावात वाचायलाच काही नसेल, तर मूल अक्षर विसरणार, हे त्यांनी ओळखले.

अमेरिकेच्या प्रवासात तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहून त्यांनी न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना १९१० मध्ये बडोद्याला आणले. राजवाड्यातला स्वतःचा ग्रंथसंग्रह लोकांसाठी दिला. १९११ मध्ये ग्रंथपालांचे शिक्षण सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तिन्ही भाषांत ग्रंथालयाचे त्रैमासिक निघाले. आम्हाला सगळ्यात आवडते ती फिरत्या ग्रंथालयाची युक्ती: लाकडी पेटीत पुस्तके भरायची, कुलूप लावायचे आणि पेटी गावाला पाठवायची. वाचून झाली की ती परत, तिच्या जागी दुसरी. कायमचे ग्रंथालय हवे असेल तर खर्चाचा एक वाटा गावाने उचलायचा, बाकीचा पंचायतीने आणि सरकारने. फुकट काही नाही!

बॉर्डन तीन वर्षांत परतले. गावोगावचे काम तगले ते मोतीभाई अमीन यांच्यासारख्या गुजराती शिक्षकांमुळे. सगळे श्रेय महाराजांना देण्याच्या भरात आपण मराठी माणसे हे नाव विसरतो, ते बरे नव्हे.

इकडे हस्तलिखितांचाही शोध चालू होता. अनंतकृष्ण शास्त्री त्यासाठी देशभर हिंडले, चिमणलाल दलालांनी पाटणचे जैन भांडार तपासले. त्यातूनच गायकवाड प्राच्य ग्रंथमाला उभी राहिली. राजशेखराची काव्यमीमांसा हे तिचे पहिले पुस्तक, १९१६ चे. ही हस्तलिखिते आज प्राच्यविद्या मंदिरात आहेत.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराज गेले. मध्यवर्ती ग्रंथालयात लोखंडी मांडण्यांच्या मधली जमीन जाड काचेची आहे, वरचा उजेड खालच्या मजल्यावरच्या पुस्तकांपर्यंत पोचावा म्हणून. मराठी पुस्तकेही तिथे आहेत. मुलांना घेऊन जाल तेव्हा त्या काचेवरून एकदा चालवा.