विहीर सापडली, उंदीर मात्र निसटले

डिफरन्शियल इक्वेशन्सचा पेपर सुटला की गंगेत घोडं न्हालं, असं म्हणणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक हे नाव बहुधा तुमच्या कानावर आलेलं नसेल. पण २०२० मध्ये टीव्हीवर रोज दिसणारा कोरोनाचा तो डोंगरासारखा ग्राफ आठवतो ना? त्यामागच्या मूळ गणितात या माणसाचा मोठा वाटा आहे. आणि ते गणित ज्या आकड्यांवर ताडून पाहिलं गेलं, ते आकडे होते आपल्या मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंचे.

मॅकेंड्रिक पेशाने गणिती नव्हतेच, डॉक्टर होते. जन्म १८७६ चा, एडिंबरामधला. ग्लासगोला डॉक्टरकी करून ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये शिरले. १९०१ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्याबरोबर मलेरियाच्या मोहिमेसाठी आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला गेले. डासांमुळे मलेरिया पसरतो हे सिद्ध करणारे हेच ते रॉस. त्यांना स्वतःला गणिताचं वेड होतं आणि ते या तरुण डॉक्टरलाही लागलं.

पुढे मॅकेंड्रिक कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होते. तिथलं मुख्य काम कुत्रा चावलेल्यांवरच्या उपचारांचं. त्यातून वेळ काढून १९११ च्या सुमारास त्यांनी एम. केशव पै यांच्यासोबत जिवाणूंच्या वाढीवर पेपर लिहिला. जिवाणू आधी भराभर दुप्पट होतात, मग खाणं संपत आलं की वेग मंदावतो. हे त्यांनी समीकरणात मांडलं आणि प्रयोगातल्या मोजणीशी ताडून पाहिलं. १९२० मध्ये तब्येतीमुळे ते मायदेशी परतले आणि एडिंबराच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची लॅब सांभाळू लागले.

१९२६ च्या त्यांच्या पेपरात भारतातल्या एका गावातल्या कॉलराचे आकडे आहेत. मला स्वतःला त्यांचं सगळ्यात आवडतं काम हेच. गावात २२३ घरं. १६८ घरांत एकही रुग्ण नाही, ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन आणि एका घरात चार. रोग सगळ्या गावात नुसता नशिबाने वाटला गेला असता, तर इतकी घरं कोरी राहिली नसती. मॅकेंड्रिक यांनी उलटा हिशेब केला. एक-दोन-तीन रुग्णांची घरं ज्या प्रमाणात आहेत, त्यावरून मुळात धोक्यात असलेली घरं निघाली सुमारे ९३. त्यातली ३७-३८ नशिबाने वाचली. बाकीच्या १३० घरांपर्यंत रोगाचं कारण पोचलंच नव्हतं. म्हणजे गावात विहिरी अनेक असणार आणि ही ९३ घरं एकाच, दूषित विहिरीचं पाणी पीत असणार. गावात चौकशी केली, तर खरंच तसं निघालं!

इथे मॉडेलने आकड्यांच्या तक्त्यात नसलेली एक गोष्ट सांगितली आणि ती कुणालाही गावात जाऊन पडताळता आली. मॉडेलची याहून चांगली परीक्षा कोणती असणार?

लॅबमधले त्यांचे सहकारी विल्यम केरमॅक मूळचे केमिस्ट. १९२४ मध्ये लॅबमधल्या अपघातात त्यांची दृष्टी कायमची गेली. ते डोक्यातच गणित करू लागले. या दोघांचा पेपर १९२७ मध्ये आला. त्यात लोकांचे तीन गट आहेत: रोग होऊ शकेल असे, रोग झालेले, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. पहिल्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात माणसं किती वेगाने सरकतात, याची तीन समीकरणं.

ती तपासायला त्यांनी घेतले मुंबईचे डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधले दर आठवड्याचे प्लेगचे मृत्यू. समीकरणाची रेघ सतराव्या आठवड्याच्या आसपास ८९० मृत्यूंवर टोक गाठते आणि उतरते. ठिपके रेघेला मस्त चिकटून बसलेत. आजही पाठ्यपुस्तकांत ही आकृती छापतात.

पण ठिपके बसले म्हणजे मॉडेल बरोबर का? कागद-पेन घ्या. त्या रेघेखाली एकूण मृत्यू भरतात ८,९००. सुरुवातीच्या चढावरून वाढीचा दर निघतो आठवड्याला ०.४. एक रुग्ण साधारण आठवडाभर रोग पसरवतो असं धरलं, तर एकामागे १.४ नवे रुग्ण. अशा साथीत मॉडेलच्याच नियमाने, रोग होऊ शकणाऱ्यांपैकी निम्मे लोक सापडायला हवेत. म्हणजे जवळपास दहा लाखांच्या मुंबईत रोग होऊ शकणारे जेमतेम साडेसतरा हजार! बाकीचे कसे सुरक्षित राहिले, याचं उत्तर मॉडेलकडे नाही.

दुसरी अडचण वस्तीची. सिद्धगडाच्या माचीवरची वाडी डोळ्यांसमोर आणा. मुरबाडकडून नारिवलीपर्यंत गाडी, पुढे पायी चढण. भर पावसात तिथे कोण आलं, कोण गेलं हे बोटांवर मोजता येईल. मॉडेलला अशी वस्ती हवी असते, बंद आणि सगळ्यांचा सगळ्यांशी संबंध येणारी. मुंबईत १८९६ मध्ये मांडवीला प्लेग दिसला, तेव्हा लोक लाखोंनी गाठोडी बांधून गावी निघाले होते.

आणि उंदीर? प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. समीकरणांत ना उंदीर, ना पिसू. मॉडेल म्हणतं, रोग होऊ शकणारे कमी झाले म्हणून साथ ओसरली. मुंबईत मात्र प्लेग वर्षानुवर्षं ठरावीक मोसमात चढायचा, ऊन तापलं की उतरायचा आणि पुढच्या थंडीत परत यायचा. माणसांमधली साथ ही उंदरांमधल्या साथीचं प्रतिबिंब आहे आणि दर स्थिर धरणं बरोबर नाही, हे खुद्द केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी त्याच पेपरात लिहून ठेवलंय. पाठ्यपुस्तकांनी आकृती उचलली, हा इशारा बऱ्याचदा गाळला.

मॅकेंड्रिक यांनी १९४१ पर्यंत लॅब सांभाळली. पाश्चर इन्स्टिट्यूट्सच्या रेबीज उपचारांच्या आकड्यांचे आढावेही ते लीग ऑफ नेशन्ससाठी घेत. ३० मे १९४३ रोजी ते वारले. मुंबईच्या त्या ठिपक्यांकडे फ्रान्सचे निकोला बाकेर २०१२ मध्ये पुन्हा वळले. त्यांनी समीकरणांत उंदीर आणि पिसवा घातल्या आणि महिन्यांप्रमाणे बदलणारं हवामानही.