भुकेल्याचा कीर्तनकार : संत गाडगेबाबा

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली, तेव्हा अंकात चार शब्द लिहा, असं मंडळींनी सांगितलं. आम्ही चौथी शिकलेले. नांगर नि वीणा एवढंच जाणतो. म्हणून गाडगेबाबांचं चरित्र मांडतो. बाबांना शाळा मिळाली नाही, पण गोरगरिबांच्या पंगती त्यांनी उठवल्या.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. नाव डेबूजी, जात परीट. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई लेकराला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. तिथं डेबूजींनी गुरं राखली, नांगर धरला, नि मामांची जमीन सावकाराच्या घशात जाताना पाहिली.

लेकीच्या बारशाला दारू-मटण घालायची भावकीची रीत. डेबूजींनी ती मोडून गोडाचं जेवण घातलं. त्या काळी हे सोपं नव्हतं, मंडळी.

१९०५ साली घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा नि मातीचं गाडगं. गावात शिरलं की आधी रस्ते झाडायचे, मग भाकर मागायची. कष्टाआधी घास नाही. रात्री त्याच गावात कीर्तन.

पूर्णाकाठी ऋणमोचनच्या यात्रेत बाबांनी आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घातलं. पुढं नाशिक, देहू, आळंदी, पंढरपूर इथं धर्मशाळा बांधल्या, अन्नसत्रं चालवली, महारोग्यांची सेवा केली. कीर्तन ऐकून लोक पैसा-धान्य द्यायचे. ते सारं या कामाला लागायचं. बाबांच्या वाट्याला मात्र तीच मागून आणलेली भाकर नि चटणी. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ साली त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली.

यातलं मर्म ध्यानात घ्या. ज्याचे हातपाय चालत नाहीत, त्याला बाबा पंगतीला बसवत. ज्याचे चालतात, त्याला कामाला लावत. कर्ज काढून तेरवी, लग्न, नवसाचं बकरं करू नका, असं ते कीर्तनात बजावत. कर्जाचं जेवण एक दिवस गाव जेवतं, नि घरची लेकरं वर्षानुवर्षं उपाशी राहतात. ताट मोडावं लागलं तरी चालेल, भाकर हातावर घ्या, पण पोरांना शाळेत घाला, हेही सांगत. पोटाला घास नि डोक्याला अक्षर, दोन्ही बाबांनी एकाच कीर्तनात वाढलं.

२० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ, प्रवासातच बाबांनी देह ठेवला.

आता आपलं पाहू. वारीत तळावर आपली पंगत बसते, भिशी भरलेल्याला पान मिळतं. पण कडेला एखादी म्हातारी पदर सावरत उभी असते. तिनं भिशी भरलेली नसते, कुठल्या दिंडीत नाव नसतं. तिला आधी बसवा. पानात टाकाल ते तिच्या वाट्याचं, म्हणून उष्टं टाकू नका. नि तळ हलला की खराटा हाती घ्या. आम्हीही घेऊ. शंभर वर्षांच्या दिंडीला एवढा नेम जड नाही.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल.