अर्नेस्ट एव्हरेट जस्ट : उपेक्षेवर मात करणारा संशोधक

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातील चार्ल्सटन येथे १४ ऑगस्ट १८८३ रोजी अर्नेस्ट एव्हरेट जस्ट यांचा जन्म झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. आई मेरी शाळेत शिकवी आणि उन्हाळ्यात फॉस्फेटच्या खाणीत राबे. दूर उत्तरेकडील किंबल युनियन अकादमी या निवासी शाळेत शिकत असताना आईही निवर्तली. तरीही चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी तीन वर्षांत पूर्ण केला. १९०७ मध्ये ते डार्टमथ महाविद्यालयातून उच्च श्रेणीत पदवीधर झाले.

गोऱ्यांच्या विद्यापीठांत कृष्णवर्णीयाला प्राध्यापकपद मिळणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. जस्ट वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवू लागले. कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणाचे ते मोठे केंद्र. परंतु तेथे अध्यापनाचा भार अधिक आणि संशोधनासाठी पैसा अपुरा. १९०९ पासून ते उन्हाळ्यात वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत फ्रँक लिली यांच्या मार्गदर्शनाखाली काम करू लागले. शुक्रपेशी अंड्यात जेथे शिरते, त्यावरून अंड्याच्या पहिल्या विभाजनाची दिशा ठरते, हे त्यांनी १९१२ मध्ये एका सागरी कृमीच्या अंड्यांवर दाखविले. १९१५ मध्ये पहिले स्पिंगार्न पदक आणि १९१६ मध्ये शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांना लाभली.

१९२० पासून उद्योगपती ज्यूलियस रोझेनवाल्ड यांचे साहाय्य राष्ट्रीय संशोधन परिषदेमार्फत मिळू लागले. त्यामुळे अध्यापनातून सवड मिळाली आणि संशोधनाला गती आली. पुढे नेपल्स व बर्लिन येथील प्रयोगशाळांत त्यांना समानतेची वागणूक मिळाली. मात्र १९३२ मध्ये रोझेनवाल्ड यांचे निधन झाले, देशात मंदी होती आणि मदतीचा ओघ आटला. संस्थांचे उंबरठे झिजवीत त्यांनी काम सुरू ठेवले. पेशीचा पृष्ठभाग हे निर्जीव आवरण नसून जीवनक्रियेतील सक्रिय घटक आहे, हा विचार मांडणारा त्यांचा ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४० मध्ये फ्रान्समध्ये जर्मनांनी त्यांना काही काळ स्थानबद्ध केले. मायदेशी परतल्यावर २७ ऑक्टोबर १९४१ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

१९९६ मध्ये अमेरिकेने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. परंतु हयातीत त्यांना हवा होता तो नियमित निधी आणि निवांत वेळ. एका दात्याच्या औदार्यावर उभे राहिलेले संशोधन त्याच्या पश्चात डळमळते. म्हणूनच साधनहीन महाविद्यालयांतील विज्ञान शिक्षकांना अनुदानाचा प्रस्ताव लिहिण्यास, तो योग्य ठिकाणी पोहोचविण्यास आणि संशोधनासाठी सवड मिळवून देण्यास अनुभवी मंडळींनी हात द्यावा. जस्ट यांचे खरे स्मारक तेच ठरेल.