कॅरलची आई

पर्ल बक हे नाव आपल्यापैकी बऱ्याच भगिनींनी ‘द गुड अर्थ’ ह्या कादंबरीमुळे ऐकले असेल. १९३८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मी मात्र लिहिते आहे ते त्यांच्या घराविषयी.

पर्लबाई १८९२ साली अमेरिकेत जन्मल्या, पण वाढल्या चीनमध्ये, यांगत्झे नदीकाठी. वडील मिशनरी. ते महिनोन् महिने धर्मप्रचारासाठी गावोगाव हिंडत. नव्या कराराचे चिनी भाषांतर करण्याचा त्यांना ध्यास. घरखर्चाचा पैसाही त्यात जाई. सात मुलांपैकी चार लहानपणीच गेली. ते दुःख परक्या मुलखात सोसले आईने. मुलांना वडील भेटत ते पाहुण्यासारखे. परलोकाची एवढी चिंता वाहणाऱ्याला शेजारच्या खोलीतले रडणे ऐकू येऊ नये, ह्याचे मला नवल वाटते. अर्थात असे पुरुष आपल्याकडेही कमी नाहीत!

१९२० साली पर्लबाईंना कॅरल झाली. मुलगी गोंडस, पण तिच्या बुद्धीची वाढ होईना. डॉक्टर झाले, उपाय झाले. पती शेतीच्या अभ्यासात गढलेले. म्हणजे कॅरलच्या वाट्यालाही वडील दूरचेच आले. १९२९ साली बाईंनी तिला अमेरिकेत व्हाइनलँडच्या संस्थेत ठेवले आणि तो खर्च भागवण्यासाठी लेखणी चालवली. १९३१ च्या त्या कादंबरीत वांग लुंगची थोरली मुलगी अशीच आहे, आणि तिला जवळ घेऊन बसतो तो तिचा बाप! हे वाचताना माझा घास अडकला होता.

कितीतरी वर्षे बाईंनी कॅरलची गोष्ट जगापासून झाकून ठेवली. अखेर १९५० साली स्वतःच्या नावानिशी ती एका स्त्रियांच्या मासिकात लिहिली. त्या काळी अशी मुले मागच्या खोलीत लपवीत. आपल्याकडे काही घरांत अजूनही लपवतात.

कॅरलला फिनाइलकीटोन्यूरिया होता, हे फार उशिरा कळले. ह्या रोगात अन्नातील प्रथिनांचा एक घटक शरीरात साचून मेंदूला इजा करतो. नॉर्वेत १९३४ साली त्याचा शोध लागला, तोही दोन मुलांच्या एका आईने डॉक्टरांचा पिच्छा सोडला नाही म्हणून. आता नवजात बाळाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून तो कळतो आणि पथ्याने मेंदू वाचतो.

पर्लबाई १९७३ साली वारल्या. पुढे कॅरलची काळजी वाहिली तिच्या दत्तक बहिणीने. कॅरल १९९२ पर्यंत जगली.